साक्ष क्रमांक सत्तावीस

१२ जानेवारी

चिंगे,

आईची तब्येत बरी आहे, असं लिहायला बसले होते. पण तुला खोटं लिहिलं की तुला कळतं, म्हणून खरं लिहिते. तिचे पाय सुजलेत. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबते आणि मी बघतेय असं दिसलं की कठडा पुसायला लागते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. त्यांनी मिशा काढल्यात, त्यामुळे या खेपेला शब्द न् शब्द वाचता आला. एरवी त्यांच्या मिशीतून मला निम्मंच निदान मिळायचं.

आमची हरवलेल्या वस्तूंची खिडकी जोरात आहे. या आठवड्यात बसमध्ये लोकांनी अकरा छत्र्या, चार चष्मे आणि एक दातांची कवळी विसरून दाखवली. कवळीचा मालक परवा आला. दात नसलेल्या माणसाचे ओठ वाचणं माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे. शेवटी त्याच्या हातात आधी कवळी दिली आणि मग ती त्याचीच आहे का ते विचारलं.

डेपोत सध्या दुसरा विषय नाही. रस्त्यात, बसमध्ये, कचेरीत तोंड झाकायला बंदी करायची की नाही, याच्यावर सभागृहाने समिती नेमलीय आणि वर्तमानपत्रात रोज पानभर पत्रं येतात. आमचा हिशेबनीस बंदीच्या बाजूचा, वाहतूक नियंत्रक विरोधातला. दोघांचा आठ दिवस अबोला आहे. त्यांचे निरोप मी पोचवते, म्हणजे बघ काय वेळ आलीय डेपोवर.

तुला मी हे तोंडावर सांगितलंय, परत लिहिते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तू तोंडावर ते कापड घेतलंस. तुझी श्रद्धा तुझ्यापाशी, जावईबापूंनी सांगितलं म्हणून घेतलं नाहीस हेही मला माहीत आहे. पण नवव्या वर्षी तापात माझे कान गेले, तेव्हापासून माझं सगळं ऐकणं लोकांच्या ओठांवर आहे. आणि या जगात जे ओठ मला सगळ्यांत भरभर वाचता येतात, ते नेमके तू झाकलेस. घरात आलीस की मोकळे करतेस, मान्य. पण अर्धं आयुष्य रस्त्यातच जातं गं.

लवकर ये. आई रोज विचारते.

ताई


२० जानेवारी

ताई,

कठड्याचं वाचून आधी हसू आलं. मग यांना वाचून दाखवायला गेले आणि अर्ध्यावरच पत्र त्यांच्या हातात दिलं.

मार्चअखेर बांधणीचं काम उतरलं की येते आणि चांगली आठ दिवस राहते. आता मात्र मान वर करायला सवड नाही. आम्ही सतरा बायका आणि शाळांच्या पुस्तकांचा ढीग. एकेक फर्मा म्हणजे सोळा पानं. तो दुमडायचा, हाडाच्या पट्टीने घडी बसवायची, सुईने शिवायचा. दिवसभर तोंड मोकळं असतं माझं, कारण पुरुषमाणूस म्हणून फक्त छापखान्याचा गाडीवाला येतो आणि तोही गठ्ठे बाहेरच टाकून जातो. संध्याकाळी निघताना मी कापड बांधायला लागले की शेजारची म्हणते, चालली बाई आमची गुपित होऊन. चिडवते, पण प्रेमाने.

आणि गंमत ऐक. त्या समितीचा अहवाल आमच्याकडेच शिवायला येणार आहे. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुला चालेल ना? मी म्हटलं, पानं सारखीच असतात, त्यावर कोणी काय का लिहिलेलं असेना.

खरं सांगू? भीती वाटते. बंदी आली तर मी दोन बस बदलून कामावर कशी येणार? हे म्हणतात, थोडे दिवस काढून ठेव, लोकांची डोकी थंड झाली की बघू. ते माझ्या काळजीनेच म्हणतात. पण उघड्या तोंडाने रस्त्यात उभं राहायचं नुसतं मनात आणलं तरी भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे ओढावेत तसं होतं. हे कोणाला पटवता येत नाही. तुलाही मला पटवता आलेलं नाही. तू रस्त्यात माझ्याकडे बघत चालतेस आणि तुला काही मिळत नाही, हे मला दिसतं ताई. म्हणून तर जरा आडोसा मिळाला की मी कापड वर करते.

सगळे आमच्याबद्दल बोलतात, आमच्याशी कोणी बोलत नाही. म्हणून तुला विचारते. तुझं काय मत आहे? माझ्यावर नको, ते मला पाठ आहे. बंदीवर.

तुझी चिंगी


३ फेब्रुवारी

चिंगे,

गुरुवारी दुपारी आईला दम लागला. दोन दिवस दवाखान्यात ठेवून परत आणलं. आता खिडकीशी बसून हुकूम सोडतेय, म्हणजे बरी आहे. तुझं पत्र तिने माझ्या आधी फोडलं आणि तुझ्या शेजारच्या बाईचं वाक्य तिला इतकं आवडलं की मला तीनदा म्हणून दाखवलं.

बंदीचं म्हणशील तर माझं मत कोण विचारतंय. मी छत्र्या सांभाळणारी बाई. असं काहीतरी हे लोक दर चार-पाच वर्षांनी उकरून काढतात आणि विसरून जातात. तू उगाच जीव घाबरा करून घेऊ नकोस.

तो अहवाल आला तर वाचत बसू नकोस. सरकारी छपाई बारीक असते, डोळ्यांची वाट लागेल. मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर हं, आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केलीय.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

वाचायचं नव्हतंच. दुमडताना कोणी वाचत नाही, पानाचा आकडा बघायचा आणि घडी मारायची. पण आठव्या फर्म्याचं पहिलं पान एकशे तेरावं. घडी मारली की तेच वर येतं.

"साक्ष क्रमांक सत्तावीस. बस डेपोतील हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरील कर्मचारी. पूर्णपणे बहिऱ्या. त्यांनी सांगितले: तोंड झाकलेली व्यक्ती खिडकीशी आली की मी काहीच करू शकत नाही. अशा एका बाईला मी तिची वस्तू न देताच परत पाठवलं. माझी सख्खी बहीण तोंड झाकते. रस्त्यात ती माझ्या शेजारून चालते, तेव्हा मला बहीण नसल्यासारखं वाटतं."

नाव घातलेलं नाही. तेवढे उपकार.

शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, बिचारी. मग म्हणाली, त्या बहिणीला काही वाटत कसं नसेल? मी म्हटलं, हो ना.

तीनशे प्रती होत्या. आठवा फर्मा माझ्या वाटणीला आलेला. दुसरीला दे असं म्हणता आलं असतं, पण कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तीनशे वेळा तुझं पान मी घडी घातलं आणि तीनशे वेळा सुईने शिवलं. अहवालाच्या शेवटी 'विशेष उल्लेखनीय' म्हणून तेच वाक्य पुन्हा छापलंय, तेही शिवलं.

माझं तोंड चारचौघांत न्यायचं नाही म्हणून मी झाकते, आणि तू ते छापून आणलंस. मी तुला सरळ विचारलं होतं, ताई. तू छत्र्यांचं लिहिलंस.

आईची औषधं वेळेवर दे.

चिंगी


१ मार्च

चिंगे,

काही झाकत नाही आता.

डिसेंबरात त्यांचं पत्र डेपोत आलं. खिडकीवर काम करणारी आणि ऐकू न येणारी अशी त्यांना बहुतेक मी एकटीच सापडले. मी गेले. लांब टेबल, अकरा माणसं. अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं, बाईंकडे तोंड करून सावकाश बोला. आणि ते बोलले गं. कोणी तोंडावर हात नेला नाही, कोणी मधेच मान फिरवली नाही, कोणी शेजाऱ्याला बघून हसलं नाही. एकाने चहा घेतला तो कप खाली ठेवूनच प्रश्न विचारला. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि मला कुठल्या खोलीत शेवटपर्यंत सगळं कळलं असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मी हुरळले. ते विचारत गेले आणि मी बोलत गेले.

त्या परत पाठवलेल्या बाईचं खरं आहे. तिला लिहिता येत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं, रांगेतले हसले आणि ती निघून गेली. तिची पिशवी अजून माझ्याकडे आहे. मी त्यांना म्हणाले होते, प्रत्येक खिडकीशी एक आडोसा करा, माझी बहीण आडोशाला तोंड मोकळं करते. पाटी-खडू ठेवा, असंही मी म्हणाले. त्यातलं काही छापलं नाही त्यांनी. 'बंदी नको' असं मी ठासून म्हणाले का, ते मात्र मला सांगता येत नाही. मनात होतं. तोंडातून आलं का, देव जाणे, माझा आवाज मला कुठे ऐकू येतो.

ते वाक्य माझंच आहे. ते त्यांनी घातलेलं नाही. खरंही आहे. फक्त ते तुला म्हणायचं होतं, त्यांना नव्हे. तुला म्हणायला मी भ्याले आणि अकरा परक्या माणसांपुढे मोकळी झाले.

तू विचारलंस तेव्हा खोटं लिहिलं, कारण तू येणार नाहीस अशी भीती वाटली. मला माफ कर. आईला यातलं काही माहीत नाही.

ताई


२४ मार्च

चिंगे,

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. मी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघते आणि तो लांबूनच हात हलवतो.

बंदी मंजूर झाली, तुला कळलं असेलच. पहिल्या एप्रिलपासून. बस, कचेऱ्या, रुग्णालयं, सगळीकडे. सभागृहात माझं वाक्य दोघांनी वाचून दाखवलं. आमच्या हिशेबनिसाने पेढे दिल्यासारखं ते कात्रण आणून माझ्या हातात दिलं. मी ते फाडलं तर बिचारा गोंधळून गेला.

त्याच्या आधी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, आईजवळ बस. ती आता खाली उतरत नाही. कॅलेंडरवरच्या खुणेकडे बघते आणि मला विचारते, आज किती तारीख?

ताई


३ एप्रिल

चिंगे,

आई शनिवारपासून मोठ्या रुग्णालयात आहे. छातीचा विभाग, दुसरा मजला. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं, त्यावरून काय ते समज.

तू आली नाहीस. पहिली तारीख गेली. माझ्यावरचा राग मी समजू शकते, दहा वर्षं धर, वीस वर्षं धर. पण आईने तुझं काय केलंय? एक वीत कापड, चिंगे. फाटकावर क्षणभर काढायचं आणि आत यायचं. एवढंही आईसाठी होत नसेल तर मग मी समितीपुढे जे म्हणाले त्यात काय खोटं होतं?

काल तिने विचारलं, तू तिला काही बोललीस का? मी म्हटलं, नाही, तिला काम आहे. म्हणाली, तिला लहानपणापासून कामच असतं. मग डोळे मिटून पडून राहिली.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. सात तारखेला मी आले होते.

यांना रजा मिळेना. बसमध्ये घेणार नाहीत म्हणून छापखान्याच्या गाडीवाल्याच्या हातापाया पडले आणि मागे कागदाच्या गठ्ठ्यांत बसून आले. एक वाजता रुग्णालयाच्या फाटकाशी पोचले. पहारेकरी वयस्क होता, चांगला होता. म्हणाला, "बाई, वरून हुकूम आहे. माझी नोकरी आहे. इथं काढा, मी बघतसुद्धा नाही."

मी ठरवूनच आले होते. दोन दिवस मनाची तयारी केली होती, आईसाठी काढायचं. पिनेला हात लावला. तेवढ्यात रांगेतल्या कोणीतरी म्हटलं, काढतेय, काढतेय. मागचे लोक पुढे आले. एकाने आपल्या पोराला दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं. ताई, मी शपथेवर सांगते, हात मी थांबवला नाही. तो थांबला. मी त्याला हलवत होते आणि तो हलत नव्हता.

मग मी पहारेकऱ्याला म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर माझी बहीण आहे, तिला खाली बोलवा. मनात म्हटलं, तू आलीस की तुझ्या पाठीशी तोंड लपवीन, तशीच काढीन आणि तुझ्या आडून आत जाईन. तू असलीस की मला जमलं असतं. त्याने वर फोन लावला. पाच मिनिटांनी वरून फोन आला. तो म्हणाला, "सांगितलंय हं. हो म्हणाल्या."

मी बाकावर बसले. दोन वाजले. अडीच वाजता त्याला परत फोन करायला लावला. वरून म्हणाले, सांगितलंय ना एकदा. चार वाजता गाडीवाला परत निघणार होता. तोपर्यंत मी जिन्याकडे बघत होते. तू आली नाहीस. तुझं पत्र पिशवीत होतं, ते काढून वाचलं आणि मला कळलं, तू मला का बोलावून घेत नाहीस ते.

घरी आले तर मालकीणबाई आमच्याकडे येऊन बसलेल्या. डेपोतून त्यांना फोन आला होता. आई साडेतीनला गेली म्हणाल्या. साडेतीनला मी फाटकाशी होते ताई. मधे दोन मजले होते.

माझंही चुकलं. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हाच निघाले असते तर कोणी अडवलं नसतं. मी रागात बसून राहिले. वाटलं, तुला आणखी थोडी वाट बघू दे. ते मला जन्मभर पुरेल. पण तुला मला शिक्षा करायची होती तर मला करायची. आईला माझ्याविना का पाठवलंस?

यापुढे पत्र लिहू नकोस.

चिंगी


१७ एप्रिल

चिंगे,

लिहू नको म्हणालीस तरी हे एक वाच. मग फाडून टाक.

तुझं पत्र वाचून मी तशीच रुग्णालयात गेले. सात तारखेच्या त्या सिस्टर शोधून काढल्या. आमच्या नेहमीच्या सिस्टर मला सांगायचं असलं की मास्क खाली करायच्या. त्या दिवशी त्यांची सुटी होती आणि या बदलीवर होत्या. छातीच्या विभागात सगळ्याच मास्क लावतात. कायद्यात त्यांना सूट आहे. मला ऐकू येत नाही हे यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. त्या येऊन माझ्याशी बोलल्या एवढं मला डोळ्यांवरून कळलं. घाईत होत्या. मी मान हलवली आणि "हो" म्हटलं.

मी तसंच करते, चिंगे. काही कळलं नाही की हो म्हणते. परत विचारलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, ती बघायला नको म्हणून लहानपणीच लागलेली खोड आहे. तुझ्याशी कधी करावं लागलं नाही, म्हणून तुला ठाऊक नाही. औषधाचं काही असेल, असं मला वाटलं.

तू फाटकाशी आहेस हे मला माहीत नव्हतं. मी अनवाणी धावत आले असते. तुझं तोंड माझ्या दोन्ही हातांनी झाकून तुला वर नेलं असतं.

सिस्टर फार रडल्या. त्यांना बोलता येईना आणि मला वाचता येईना, म्हणून मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते, कारण तुझ्यापासून मी परत काही ठेवून घेणार नाही.

"मी तुम्हाला सांगितलं की तुमची बहीण फाटकावर आहे, तिला खाली जाऊन घेऊन या. तुम्ही हो म्हणालात. आजी जाग्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या तुम्हाला सारखं तेच सांगत होत्या. तुम्ही त्यांनाही हो म्हणालात."

आईच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. आतून वाफ धरत होती, ओठ हलताना दिसत होते, पण शब्द दिसत नव्हते. मला वाटलं, पाणी मागतेय. मास्क जरा वर करून ओला कापूस लावायला गेले, तर सिस्टरनी माझा हात धरला. म्हणून मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले आणि म्हणत राहिले, हो आई, हो.

तिला कळलं होतं तू आलीयस. त्यानंतरचे दोन तास ती दाराकडे तोंड करून पडली होती. मी तिची मान सरळ करायची, ती परत वळवायची. मला वाटलं, बाहेरच्या वर्दळीने तिला झोप लागत नाहीये.

मी उठले आणि दार लावून घेतलं.

ताई